ढोलीतले बारा शब्द

लाखनीच्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी वाणिज्य शिकवतो, तिथं बारावीला दरवर्षी पैशाचा धडा घ्यावा लागतो. तो मला तोंडपाठ आहे. पुस्तक न उघडता मी पाऊण तास बोलू शकतो. आधी वस्तूंची अदलाबदल, मग कवड्या, मग धातूची नाणी, मग कागद. आणि शेवटी फळ्यावर एक मोठा गोल काढून मी म्हणायचो, "आणि आता हे, जे हातात येत नाही, डोळ्यांना दिसत नाही, तरी आहे." मुलं खूश व्हायची. मी त्यांच्याहून खूश व्हायचो.

आता तो गोल मी काढत नाही. का काढत नाही हे सांगायचं तर माझी लाज माझ्याच तोंडानं सांगावी लागेल. इतके दिवस टाळलं, आता सांगतो.

हे दिसत नसलेलं डिजिटल नाणं मी सातआठ वर्षांपूर्वी घेतलं. घरी न सांगता, पगारातून थोडंथोडं. स्टाफरूममध्ये मी त्याचा जणू प्रचारकच झालो होतो. चहा येईपर्यंत बँकांचा उद्धार करायचा आणि चहा संपेपर्यंत सगळ्यांना भविष्य सांगायचं. "यात बँक नाही, साहेब नाही, मधला माणूस नाही. कोणावर विश्वास ठेवायची गरजच नाही," हे माझं आवडतं वाक्य. उंटावरून शेळ्या हाकायची हौस मला पहिल्यापासून आहे.

त्या नाण्याची एक गंमत असते. ते ज्या खात्यात असतं त्याची चावी म्हणजे बारा इंग्रजी शब्द. एकमेकांशी काही संबंध नसलेले, साधे, पोरांच्या पुस्तकातले शब्द. फोन फुटला, हरवला तरी चालतं, नव्या फोनात ते बारा शब्द ओळीनं टाकले की सगळं परत मिळतं. पण शब्दच गेले तर जगात कोणाकडे दाद मागता येत नाही. आणि ते दुसऱ्या कोणाला मिळाले तर नाणं त्याचं. म्हणून ते फोनात ठेवू नयेत, कागदावर लिहून जपून ठेवावेत, असं सांगतात.

मी कागदावर लिहिले. आता ठेवायचे कुठं? लाखनीतलं आमचं घर भाड्याचं, दोन खोल्यांचं, दरवर्षी काहीतरी इकडचं तिकडं होणार. मग मला आईची ढोली आठवली.

आई आसगावला एकटी राहते. अडीच एकर धान आहे, ती ते सोडून येत नाही. घराच्या मधल्या खोलीत माणसाच्या छातीएवढी उंच ढोली आहे, बांबूची विणलेली, आतून बाहेरून शेणामातीनं लिंपलेली. वर्षाचं धान त्यात राहतं आणि धानाच्या पोटात आईची सगळी इस्टेट. तिची सोन्याच्या मण्यांची पोत, बाबांचं घड्याळ, प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळलेल्या नोटा. नोटबंदी झाली तेव्हा सगळं आटोपल्यावर चार महिन्यांनी त्या ढोलीतून पाचशेच्या चार नोटा निघाल्या होत्या. मी हसलो होतो आणि तिला पैशाचा धडा ऐकवला होता. पण आता माझा कागद ठेवायची वेळ आली तेव्हा मला सगळ्या जगात तीच एक जागा सुरक्षित वाटली. ढोलीत हात घालायची कोणाची टाप नव्हती.

आईनं कागद उलटासुलटा करून पाहिला. तिला मराठी अक्षरं लागतात, इंग्रजी नाही.

"काय लिवलं हाये यात?"

"पैसा आहे."

"मंग बँकेत काहून नाई ठेवत?"

मी तिला समजावलं. बँक नाही, साहेब नाही, कोणावर विश्वास ठेवायची गरज नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं, कागदाची बारीक घडी केली, खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, रिकाम्या पन्नीत गुंडाळून दोऱ्यानं बांधली. मग म्हणाली, "कोनावर इश्वास ठेवा नाई लागत मनतेस, आन् मले कायले देऊन राहिलास?"

मी हसून वेळ मारून नेली. तिनं खांद्यापर्यंत हात घालून पुडी धानात खोल रोवली.

आता मावशीबद्दल सांगायला हवं. मावशी नात्यानं आमची कोणी नाही. आमच्याच वस्तीत चार घरं सोडून राहते, नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली, एक मुलगी आहे ती लग्न होऊन नागपूरला. आई आणि ती लग्न होऊन एकाच वर्षी या गावात आल्या आणि तेव्हापासून रोवणा म्हणजे भातलावणी असो की कापणी, धानाच्या बांधीत शेजारी शेजारीच उभ्या. रविवारी बुद्धविहारात वंदनेला बसतात त्याही शेजारी शेजारी. मी लहान असताना आई रोवण्यात असली की मला मावशीच्या घरचं जेवण मिळायचं. मी तिच्यासाठी बाबू होतो.

गावात मजुरी आता रोखीनं देतात. पण मावशी कापणीची मजुरी आमच्याकडून धानातच घ्यायची, कारण आईला तसंच आवडायचं. आई ढोलीपाशी बसून पायलीनं मोजायची, मावशी टोपलं धरून उभी राहायची. मोजून झालं की आई वरून एक मूठ जास्तीची टाकायची. मग मावशी आपल्या टोपल्यातून एक मूठ काढून परत ढोलीत सोडायची. देणाऱ्यानं मोजाच्या वर द्यावं आणि घेणाऱ्यानं ढोली रिकामी करून जाऊ नये, अशी त्या दोघींची रीत. मी एकदा म्हणालो होतो, "तिनं दिली, तुम्ही परत केली, हिशोब तर तिथंच राहिला." दोघी माझ्याकडं बघून हसल्या होत्या. मी वाणिज्याचा मास्तर, मला त्यातलं काही कळलं नव्हतं.

ज्या वर्षी हे घडलं त्या वर्षी धान निघालं, आईनं गिरणीतून आमच्या वाटचा तांदूळ करून आणला आणि मी ती चुंगडी, म्हणजे तांदळाचं पोतं, न्यायला गेलो. मला तो दिवस आता लख्ख आठवतो, पण पुढं गरज पडली तेव्हा अजिबात आठवला नाही. नाण्याचा भाव सकाळपासून वर चढत होता आणि मी अंगणात उभा राहून फोनात डोकं घालून होतो. आई चुंगडीचं तोंड शिवता शिवता काहीतरी सांगत होती. मी "हो, हो" म्हणत होतो. एकदा तिनं माझा दंड धरून हलवला, "आयकलास का?" मी म्हणालो, "ऐकलं गं." मग चुंगडी मोटारसायकलला बांधून निघालो.

पुढं उन्हाळा लागता लागता माझा फोन एकाएकी बंद पडला. दुकानदारानं हात वर केले. नवा घेतला. आणि तेव्हाच नेमका त्या नाण्याचा भाव असा उसळला होता की माझ्या जवळजवळ दोन वर्षांच्या पगाराएवढी रक्कम त्यात झाली होती. मुलीला नागपूरला शिकायला पाठवायचं होतं, फीचा आकडा छातीवर बसला होता. सुटीच्या दिवशी मी आसगावला गेलो.

ढोली अर्ध्यावर आली होती. मी शर्ट काढून उतरलो. पोत सापडली, घड्याळ सापडलं, पुडी नाही. सगळं धान खोलीत उपसलं. पुडी नाही.

"म्या तं तुलेच देला ना बाबू," आई म्हणाली.

"कधी?"

"देला ना."

"कधी दिलास ते सांग ना! मला दिला असता तर मी इथं धानात लोळत बसलो असतो का?"

मी ओरडलो. घामानं आणि धानाच्या कुसळांनी अंग पेटलं होतं. तुझं डोकं आता चालत नाही, असं मी तिला म्हणालो. अडीच एकराची शेती एकटी करणाऱ्या बाईला. आधी ती ठाम होती. मी आवाज चढवत गेलो तशी ती गडबडली, पदराशी चाळा करू लागली, आणि शेवटी स्वतःशीच म्हणाली, "तुलेच देला... का नाई देला..." मला जिंकल्यासारखं वाटलं. त्या वाटण्याचीच आज सगळ्यात जास्त शिसारी येते.

मग माझं हुशार डोकं चालू लागलं. ढोलीतून धान बाहेर कुठं गेलं? गिरणीत गेलं, पण ते आईनं स्वतः पाखडून भरलं होतं. दुसरं गेलं ते मावशीच्या टोपल्यात. मजुरीचं. पुडी त्यात गेली असणार. आणि गेली असेल तर मावशीनं परत का आणून दिली नाही?

आई "जाऊ नोको रे" म्हणत मागं येत राहिली. मी गेलो.

मावशी अंगणात तूर निवडत होती. मी नीट विचारलं असतं तर निदान तेवढं तरी आज सांगता आलं असतं. मी उभ्या उभ्या म्हणालो, "मावशी, मजुरीच्या धानात माझा कागद आला. पन्नीत बांधलेला. कुठं आहे?"

"नाई बाबू. मले नाई भेटला."

"तुम्हाला कळणार नाही, लाखाचा कागद आहे तो. कोणाला वाचायला दिला का?"

लाख म्हटल्यावर शेजारच्या दोन बाया कुडाशी येऊन उभ्या राहिल्या. मग आणखी चारपाच माणसं. मावशीनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तुरीचं सूप खाली ठेवलं, आत गेली आणि आपली धानाची चुंगडी ओढत बाहेर आणली. कोणाला हात लावू दिला नाही. अंगणाच्या मधोमध ती उलटी केली.

"पाहा," ती म्हणाली.

आणि मी पाहिलं. गुडघे टेकून दोन्ही हातांनी तिचं धान उकरलं. तोवर ती आतून पत्र्याची पेटी घेऊन आली. "हे बी पाहा. सारंच पाहा." मी नको म्हणायला हवं होतं. मी पेटीचं झाकण उघडलं. आत राशन कार्ड, नवऱ्याचा फोटो, दोन जुनी लुगडी, मुलीची दहावीची मार्कशीट. मी ती मार्कशीटसुद्धा उलटून बघितली.

पुडी नव्हतीच.

आई दारात उभी होती. ती माझ्यावर ओरडली नाही. सगळ्यांदेखत, पण हळू आवाजात म्हणाली, "तुह्या आज्याच्या घराची अशीच झडती घेतली होती, जमीनवाल्या मालगुजाराच्या मानसानं. पायलीभर धानासाठी. आपल्यात झडती घेनारा तूच पयला."

मी त्या घरातला पहिला पगारदार. वंदनेच्या वेळी चोरी न करण्याचं शील मावशीच्याच मागं बसून तिच्या आवाजात आवाज मिसळून शिकलो. आणि त्या वेळी मला राग आला तो आईचाच, चारचौघांत असं बोलली म्हणून. दुसऱ्या दिवशी पहिला तास होता, मी मोटारसायकलला किक मारली. निघताना मागं पाहिलं तर आई आणि मावशी अंगणात बसून मातीत मिसळलेलं धान वेचत होत्या. 

पुढचे तीन महिने मी पैसा गेला म्हणून हळहळत काढले. मावशीचा विचार आला की मी तो झटकायचो. कदाचित घेतलाही असेल, असं मनाला सांगत राहायचो. तसं मानणं सोयीचं होतं.

मृग लागायच्या आधी घरच्या तांदळाचा ड्रम तळाला गेला. बायको वाकून वाटीनं खरवडत होती. "हे काय हो?" म्हणून तिनं हात वर केला. खर्ऱ्याची पन्नी. दोऱ्याची तीच गाठ.

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी पोरांना कितीदा ऐकवली असेल. आईनं चुंगडी शिवताना पुडी तांदळात घातली होती आणि दंड धरून मला सांगितलं होतं. ढोली उघडीझाकी होते, उंदरं लागतात, तुझी वस्तू तुझ्या घरी बरी, असंच काहीतरी म्हणाली असणार. तिच्याच वरचा तांदूळ काढून आम्ही रोज भात खात होतो. मावशीचं धान मी मातीत उकरत होतो तेव्हाही ती माझ्याच घरात, चुलीपासून चार हातांवर होती.

बायकोनं पुडी माझ्या हातात दिली आणि एवढंच विचारलं, "आता मावशीकडं कोण जाणार?"

मी आधी कुठं गेलो तेही सांगायला हवं. मी कुठंच गेलो नाही. मी तिथंच स्टुलावर बसलो आणि बारा शब्द फोनात टाकले. सगळं परत आलं. दोन दिवसांत नाणं विकलं, मुलीची फी भरली. ते पैसे कामाला आले, खोटं कशाला बोलू. आसगावला मी त्यानंतर अकरा दिवसांनी गेलो, तेही बाजारातून एक साडी घेऊन, आणि दिवस मावळताना, वस्तीतली माणसं आपापल्या घरी वळल्यावर.

मावशीनं दार उघडलं. मी आत जाऊन सांगितलं, "सापडला. माझ्याच घरी होता. माझं चुकलं मावशी." तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर मी हलका होऊन परत आलो असतो. ती म्हणाली, "भेटला ना? बरं झालं."

मी साडी पुढं केली. तिनं हात लावला नाही.

"ते राहू द्या, सर. नेसली तं लोकं पुसतीन, कायची मनून. मंग काय सांगू?"

सर. जन्मात पहिल्यांदा तिनं मला सर म्हटलं. आणि तिचं खरंच होतं. चोरीचा आळ मी भर अंगणात घातला होता, आणि माफी मागायला अंधाराची वेळ बघून आलो होतो. रविवारी विहारात उभं राहून चार वाक्यं बोललो असतो तर झालं असतं. पुढच्या रविवारी मी आसगावला होतो. वंदनेला बसलो. वंदना संपली, लोक उठले, मीही उठलो. ती चार वाक्यं तशीच घेऊन बाहेर आलो. वर्गात पाऊण तास बोलणारा माणूस मी.

रोवण्याला मावशी आली. आईनं बोलावलं आणि ती आली, काम चोख केलं. मला वाटलं, झालं गेलं विसरली असेल. असं वाटून घेणंही सोयीचंच.

दिवाळीनंतर कापणी झाली, चुरणा म्हणजे मळणी झाली, ढोली भरली. मी मुद्दाम दोन दिवसांची रजा टाकून आलो होतो. बाकीच्या तिघी मजूर बायांना रोख द्यायचं होतं ते मी दिलं. आई नेहमीसारखी ढोलीपाशी बसली, पायली पुसून घेतली, आणि मावशीला म्हणाली, "आन वं टोपलं."

मावशी दारातच उभी राहिली. तिनं कमरेच्या पिशवीतून फोन काढला. मुलीनं दिला होता म्हणे, पैसे घ्यायचा चौकोन कुठं दाबून दाखवायचा तेही तिनंच शिकवलं होतं. तो चौकोन तिनं माझ्यासमोर धरला.

"धान नोको, सर. फोनात टाका."

"काहून वं?" आई म्हणाली. "यंदा धान चांगला हाये."

"धान घरी ठेवा लागते बाई," मावशी शांतपणे म्हणाली. "फोनातलं कोनी आंगनात सांडून पाहात नाई."

तिघी बाया अजून तिथंच होत्या.  कोणावर विश्वास ठेवायची गरज नसलेला पैसा कसा असतो, हे मी वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो. तो माझ्यासारख्यांशी ज्यांना व्यवहार करावा लागतो त्यांना लागतो, हे मला माझ्या मावशीनं सांगितलं. मी त्या तिघींदेखत बोललो, "मावशीनं काही घेतलं नव्हतं. कागद माझ्याच घरी होता. मी नीच वागलो." एवढंच बोललो. बायांनी ऐकलं. एकीनं "होय का" म्हटलं. मावशी फोनाकडेच बघत होती. मी चौकोनावर माझा फोन धरला आणि मजुरी पाठवली. तिच्या फोनातून बाईचा आवाज आला, आकडा सांगून गप्प झाला.

"आले," मावशी म्हणाली, आणि फोन परत पिशवीत घातला.

ती वळली तेव्हा आई घाईनं उठली. ढोलीत हात घालून तिनं एक मूठ भरून घेतली होती, जास्तीची, नेहमीची. बोटांतून दाणे सांडत होते. "घे वं, हे तं घे."

मावशीनं त्या मुठीकडं पाहिलं. 

"कायच्यात घेऊ बाई," ती म्हणाली, "टोपलं नाई आनलं."

ती गेली. आई तशीच हात पुढं करून उभी राहिली. मग ढोलीकडं वळली आणि तिनंच ती मूठ परत धानात सोडली.